मोठी बँक तरते, भागधारक बुडतो

१/
पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात महिन्याचा पगार जमा होतो तो बहुधा एखाद्या मोठ्या बँकेच्या खात्यात. आणि त्या पगारातून उरलेले चार पैसे आता मोबाइलवरून त्याच बँकेच्या शेअरमध्ये जाऊ लागले आहेत. या व्यवहारामागे एक समजूत उभी आहे : मोठी बँक बुडत नाही, सरकार तिला बुडू देत नाही, म्हणून तिचा शेअर म्हणजे जवळजवळ मुदत ठेवच. या समजुतीचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र इतिहासाने पुन्हा पुन्हा खोटा पाडला आहे. मुंबई इलाख्याच्या पहिल्या मोठ्या बँकेपासून पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या तिजोरीपर्यंत जाणारा हा धागा त्या उत्तरार्धाविरुद्ध आहे.

२/
आरंभी दोन माणसे वेगळी केली पाहिजेत. ठेवीदार बँकेला पैसे उसने देतो. भागधारक बँकेचा मालक होतो. बँक अडचणीत आली की पैसे परत मिळण्याच्या रांगेत ठेवीदार पुढे, रोखेधारक त्याच्या मागे आणि भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो. शिवाय बँकेचा धंदा मुख्यतः परक्या पैशावर चालतो. शंभर रुपयांच्या कर्जात मालकांचे स्वतःचे दहा रुपये आहेत असे धरले, तर शंभरातले दहा बुडताच ठेवीदारांचे नव्वद शाबूत राहतात आणि मालकांचे शून्य होते. बँकेने दहा टक्के गमावले. मालकाने शंभर टक्के. चांगल्या काळात हेच गणित उलट्या दिशेने चालते आणि मालकाला भरभरून देते. बँकेच्या शेअरची सारी गोडी आणि सारे विष या एकाच हिशेबात आहे.

३/
१८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही त्या काळाच्या मानाने 'बुडू न देण्याजोगी' बँक होती. तिच्या भागभांडवलात सरकारचा वाटा होता, संचालक मंडळावर सरकारनियुक्त सदस्य बसत, आणि १८६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकारही तिला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा लोंढा आला. त्याच सुमारास, १८६३ च्या कायद्याने, बँकेला भांडवल वाढवण्याची मुभा मिळाली आणि कर्ज देण्यावरची जुनी बंधने सैल झाली.

४/
पुढची दोन वर्षे मुंबईच्या इतिहासात 'शेअर मॅनिया' म्हणून ओळखली जातात. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, नव्या बँका, वित्तसंस्था यांचे पेव फुटले. बॅक बे भरणीच्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कैक पटींनी विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद या दलालाचा शब्द बाजारात चलनासारखा चाले. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे देत राहिली. म्हणजे ज्या फुगवट्याने शेअर चढले, त्याच फुगवट्याला ती इंधन पुरवीत होती. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. तारण म्हणून ठेवलेल्या शेअरांची रद्दी झाली.

५/
बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. भागभांडवलाचा बहुतांश भाग नाहीसा झाला होता. सरकारचे स्वतःचे भागही त्यातून सुटले नाहीत. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये बंगाल आणि मद्रासच्या बँकांसह इंपीरियल बँकेत मिसळली, आणि १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली. आज देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या वंशावळीत अशी एक बँक आहे, जिचे नाव राहिले, परंपरा राहिली, पण पहिले भागधारक धुऊन निघाले. 'दीडशे वर्षांची बँक' हे शब्द ऐकताना हा तपशील विसरला जातो.

६/
स्वदेशीच्या लाटेने बँकांची नवी पिढी आणली. पुण्यात १९०६ मध्ये कॉसमॉस, १९१२ मध्ये रुपी ही सहकारी बँक. १९१६ मध्ये सांगली बँक. पण स्वदेशीचा टिळा लावल्याने ताळेबंद शुद्ध होत नाही. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि त्या सुमारास देशभर अनेक बँका कोसळल्या. हा धडा ताजा असलेल्या पिढीने पुढे अधिक सावध संस्था उभारल्या : १९३५ मध्ये पुण्यात नोंदणी होऊन १९३६ मध्ये कामकाज सुरू केलेली बँक ऑफ महाराष्ट्र, आणि १९३६ चीच साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक. या दोन बँकांचे पुढे काय झाले, हे या धाग्यात पुन्हा येईल.

७/
१९६० मध्ये दोन बँका बुडाल्या : केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक. ठेवीदारांत घबराट पसरली. त्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. आरंभी प्रत्येक ठेवीदाराला संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते १ लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. राज्यसंस्थेने कोणाची बाजू घेतली, हे येथे नीट पाहण्यासारखे आहे. साठ वर्षांत ठेवीदाराचे कवच वाढत गेले. भागधारकासाठी असे कवच कधी निघाले नाही, आणि निघणारही नाही. कारण तोटा कोणी तरी सोसायचा असतो, आणि कायद्याने त्यासाठी मालकाची नेमणूक केली आहे.

८/
त्याच काळात रिझर्व्ह बँकेला दुबळ्या बँका सक्तीने दुसऱ्या बँकेत विलीन करण्याचे अधिकार मिळाले. १९५१ मध्ये देशात ५६६ व्यापारी बँका होत्या. १९६९ पर्यंत ८९ उरल्या. उरलेल्या अर्थातच मोठ्या दिसतात. आजच्या मोठ्या बँकांची यादी वाचून 'बँका वाढतातच' असे म्हणणे म्हणजे पानिपताहून परतलेल्यांनाच विचारून लढाईचा निकाल ठरवणे होय. जे परतले नाहीत त्यांची साक्ष नोंदवली गेलीच नाही.

९/
१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि त्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो, पिंपरीला टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग बनवणारी शेकडो लहान वर्कशॉपे जमली. माल आज द्यायचा आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळायचे, हा त्यांच्या धंद्याचा नियम. मधल्या काळात पोलाद आणि मजुरी यांचे पैसे कोण देणार? हुंडी वटवून देणारी बँक ही या पट्ट्याची वीज-पाण्याइतकीच मूलभूत गरज होती. तक्रार मात्र देशभर एकच होती : बँका मोठ्या घराण्यांना कर्ज देतात, लहानांना दारातून परत पाठवतात.

१०/
१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. निवडीचा निकष होता ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी, अर्थात आकार. बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. त्या दिवशी मोठे असणे हेच भागधारकाची मालकी जाण्याचे कारण ठरले. काही बँकांचे भागधारक असलेले रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द केला. लगेच नवा अध्यादेश आणि नवा कायदा आला आणि १४ बँकांसाठी मिळून सुमारे ८७ कोटी रुपयांची भरपाई ठरली. राष्ट्रीयीकरण योग्य होते की नाही हा वेगळा वाद आहे. येथे मुद्दा इतकाच : ठेवीदाराच्या खातेपुस्तकात त्या रात्री एक आकडाही बदलला नाही, भागधारकाची मालकी मात्र रातोरात गेली.

११/
या टप्प्यावर एक आक्षेप हमखास येतो : 'हे सारे जुने. १९९५ मध्ये एचडीएफसी बँकेचा शेअर दहा रुपयांना घेणारे आज कुठे आहेत ते पाहा.' आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. त्या बँकेच्या आरंभीच्या भागधारकांनी अफाट संपत्ती मिळवली, यात शंका नाही. पण १९९३ च्या धोरणानुसार नव्याने आलेल्या खासगी बँका १० होत्या. ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मध्ये कोसळली. टाइम्स बँक २००० मध्ये एचडीएफसी बँकेत गेली. बँक ऑफ पंजाब सेंच्युरियनमध्ये आणि ती संयुक्त बँक २००८ मध्ये पुन्हा एचडीएफसीत. जुनी आयडीबीआय बँक २००५ मध्ये आपल्याच पालकसंस्थेत विरून गेली.

१२/
१९९५ मध्ये या दहांपैकी कोणती पुढे महाकाय होईल हे ठरलेले नव्हते. ग्लोबल ट्रस्ट बँकेचेही तेव्हा तितकेच कौतुक होते. २००४ मध्ये ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी पूर्ण सुरक्षित राहिल्या, आणि भागधारकांच्या हाती काहीही आले नाही. शिवाय १९९५ ची एचडीएफसी बँक लहान होती. तिच्या भागधारकांना जे मिळाले ते लहानाचे मोठे होण्याचे फळ होते. आज ती मोठी झाल्यावर घेणाऱ्याला तेच फळ त्याच गतीने मिळेल, असे म्हणणे म्हणजे वीस वर्षांच्या तरुणाची उंची बालपणीच्या वेगाने वाढेल असे धरून कपडे शिवण्यासारखे आहे.

१३/
मोठ्या बँका वाढतात कशा, हेही पाहावे. एक मार्ग नव्या कर्जांचा. दुसरा गिळंकृत करण्याचा. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी व्यवहारस्थगिती आली आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांच्या हातावर शेअरमागे २८ रुपये ठेवून सत्तर वर्षांची संस्था संपली. पुढल्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली : सांगली बँकेच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १००. पश्चिम महाराष्ट्राच्या बाजारपेठांतील शाखांचे जाळे मोठ्या बँकांना असे तयार मिळाले. वार्षिक अहवालात यालाच 'वाढ' म्हणतात.

१४/
आता पिंपरी-चिंचवड. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर व्यवहारस्थगिती आली. खातेदाराला ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास बंदी झाली. येस बँक ही गल्लीतली पतसंस्था नव्हती. देशातील आघाडीच्या खासगी बँकांत तिची गणना होत होती. आणि तिच्याकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९८० कोटी रुपयांहून अधिक अडकले होते. रस्ते, पाणी, दवाखाने यांसाठीचा, चाकरमान्यांनी आणि कारखानदारांनी कररूपाने भरलेला हा पैसा. आशियातील श्रीमंत महापालिकांत नाव घेतले जाणाऱ्या नगरीची तिजोरी एका रात्रीत दुसऱ्याच्या कुलपाखाली गेली.

१५/
पुढे काय झाले? स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली इतर बँकांनी भांडवल ओतले, १८ मार्चच्या संध्याकाळी स्थगिती उठली आणि ठेवीदाराचा एक रुपयाही कापला गेला नाही. म्हणजे 'मोठी बँक बुडू देत नाहीत' हे वचन पाळले गेले. परंतु ते पाळण्याची किंमत कोणी मोजली? ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास असलेला शेअर ६ मार्च २०२० च्या व्यवहारात ६ रुपयांच्या खाली जाऊन आला. नव्या गुंतवणूकदारांना १० रुपयांनी शेअर दिले गेले. १०० हून अधिक शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. ८,४१५ कोटी रुपयांचे अतिरिक्त टियर-१ रोखे शून्य करण्यात आले; त्यावरचा खटला पुढे न्यायालयात गेला.

१६/
हे संकट आकाशातून पडले नव्हते. २०१५-१६ साठी येस बँकेने आपली ढोबळ थकीत कर्जे सुमारे ७४९ कोटी रुपये दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती सुमारे ४,९२६ कोटी निघाली. ही तफावत २०१७ मध्ये जाहीर झाली. पुढल्या वर्षाच्या हिशेबातही मोठी तफावत सापडली. तरीही शेअर चढत राहिला आणि त्याने शिखर गाठले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. माहिती दडलेली नव्हती. छापून आलेली होती. ती वाचण्याऐवजी बाजाराने बँकेचा आकार आणि वाढीचा वेग पाहिला. १८६४ च्या मुंबईनेही हेच केले होते.

१७/
त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक. तिचे विलीनीकरण सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत झाले. ठेवीदार सुरक्षित. भागभांडवल पूर्णपणे निर्लेखित : ज्याच्याकडे शेअर होते, त्याच्या खात्यातला तो आकडा पुसला गेला. २००४ ची ग्लोबल ट्रस्ट आणि २०२० ची लक्ष्मी विलास यांच्यामध्ये सोळा वर्षे गेली, सरकारे बदलली, नियम बदलले. निवाडा तोच राहिला. हा अपघातांचा योगायोग मानणे कठीण आहे. ही व्यवस्थाच अशी रचलेली आहे, आणि ठेवीदारांच्या दृष्टीने ती न्याय्यही आहे.

१८/
यावर 'मग मोठ्या बँका सोडा, आपल्या माणसांच्या लहान बँका बऱ्या' असा सूर निघतो. तो अधिक घातक. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबरात, पुण्याची ११० वर्षांची रुपी बँक बंद झाली. तिचे ठेवीदार २०१३ पासून निर्बंधांत अडकून होते. अशा ठिकाणी ५ लाखांच्या विम्यापलीकडची ठेवही धोक्यात येते. म्हणून ठेवीसाठी मोठी, सुस्थित बँक निवडणे हा शहाणपणाच आहे. हा धागा त्या शहाणपणाविरुद्ध नाही. ठेवीचे शहाणपण शेअरला चिकटवणे, हा भ्रम आहे.

१९/
या पट्ट्यासाठी धोक्याचा एक पदर आणखी आहे, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था देणी चुकवू लागली. तिच्या मागोमाग बँकेतर वित्तकंपन्यांना पैसा मिळणे अवघड झाले. या कंपन्या वाहनकर्जाचा मोठा आधार होत्या. इतर कारणांची भर पडली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली. पिंपरी-चाकणच्या वाहन कारखान्यांत 'ब्लॉक क्लोजर'चे फलक लागले; कंत्राटी कामगारांना घरी बसावे लागले, लहान वर्कशॉपांच्या पाळ्या कमी झाल्या. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी येस बँक कोलमडली.

२०/
ही साखळी चाकणच्या कामगाराने लक्षात ठेवावी. त्याचा पगार वाहनविक्रीवर अवलंबून. वाहनविक्री कर्जावर अवलंबून. कर्ज देणाऱ्याची प्रकृती कर्जफेडीवर अवलंबून. मोशी-चिखलीच्या सदनिकेचा हप्ता त्याच व्यवस्थेला द्यायचा. आता बचतही बँकेच्या शेअरमध्ये ठेवली, तर मंदीच्या एकाच फटक्यात नोकरी, घराचा हप्ता आणि बचत ही तिन्ही एकदम डळमळतात. मुंबईतल्या एखाद्या औषधविक्रेत्याने बँकेचा शेअर घेणे आणि चाकणच्या जुळणी विभागातल्या कामगाराने घेणे, यांत शेअर एकच असला तरी जोखीम एक नाही. संकटात उपयोगी पडावी म्हणून बचत करायची आणि ती संकटाच्याच दारात ठेवायची, याला गुंतवणूक कसे म्हणावे?

२१/
स्थानिक अभिमान येथे डोळे झाकतो. आकुर्डीच्या बजाज समूहाने १९८७ मध्ये दुचाकी-तिचाकींसाठी कर्ज देणारी कंपनी काढली. तीच आजची बजाज फायनान्स. ती बँक नाही, पण देशातल्या मोठ्या कर्जदात्यांत तिची गणना होते, आणि तिच्या दीर्घकालीन भागधारकांनी भरपूर कमावले. हे यश खरे आहे. परंतु मोबाइल, फ्रिज, मोटारसायकल हप्त्याने घेणारा आणि त्याच हप्त्यांवर चालणाऱ्या कंपनीचा शेअर बाळगणारा माणूस एकच असेल, तर त्याने स्वतःच्याच परतफेडीवर पैज लावलेली असते. गावच्या कंपनीचा अभिमान बाळगावा. तो हिशेबाच्या जागी ठेवू नये.

२२/
सरकारी मालकी तरी भागधारकाला तारते का? भारतीय स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक सामावून घेतल्या. ती आणखी महाकाय झाली, आणि २०१७-१८ या वर्षात तिला ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला. बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कडक देखरेखीखाली गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आली. मधल्या काळात सरकारने भांडवल ओतले. त्यामुळे सरकारचा वाटा ९० टक्क्यांच्या वर गेला आणि इतर भागधारकांचा वाटा आकसला. पुढे बँक सावरली आणि जोमाने वाढली, हे तिचे श्रेय. पण तिला वाचवणारा पैसाच जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ करीत होता.

२३/
मोठेपणाचा एक खर्चही असतो. रिझर्व्ह बँकेच्या यादीत स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी बँक या तीन बँका देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांनी इतरांपेक्षा जादा भांडवल राखायचे असते. ते ठेवीदाराच्या सुरक्षेसाठी असते, आणि तितका पैसा भागधारकासाठी राबत नाही. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहवित्त संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली. देशाच्या बँकिंग इतिहासातील हे सर्वांत मोठे विलीनीकरण. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १७ जानेवारी २०२४ रोजी, तिमाही निकालांनंतर त्या बँकेचा शेअर एका दिवसात ८ टक्क्यांहून अधिक घसरला. बँकेवर कोणतेही संकट नव्हते. ठेवीदाराला त्या दिवशी काही जाणवलेही नसेल. अपेक्षेपेक्षा थोडे कमी घडले, एवढेच भागधारकाला पुरेसे ठरले.

२४/
'मग कोणीच बँकांचे शेअर घेऊ नयेत काय?' असा निष्कर्ष काढणेही इतिहासाशी प्रतारणा ठरेल. बँकांच्या मालकांनी जोखीम घेतली म्हणूनच ठेवीदार निर्धास्त झोपू शकला आणि वर्कशॉपला हुंडी वटवता आली. प्रश्न घेण्याचा नसून कशासाठी आणि किती, याचा आहे. शिवाय अनेक कामगारांच्या घरात बँकेचे शेअर आधीच आलेले आहेत. भविष्यनिर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या निर्देशांकावर आधारित फंडांत पैसा गुंतवते; आणि निफ्टीत वित्तक्षेत्राचे वजन एक तृतीयांशाच्या आसपास असते. पगारातून कापल्या जाणाऱ्या निधीचा काही अंश मोठ्या बँकांत गेलेलाच आहे. त्यावर आणखी भर घालण्यापूर्वी हे माहीत असावे.

२५/
तरीही घ्यायचाच असेल, तर इतिहास काही प्रश्न हाती देतो. कर्जे इतरांपेक्षा फार वेगाने वाढत असतील, तर ती कोणाला दिली जात आहेत? १८६४ मध्ये आणि २०१७ मध्ये हा प्रश्न विचारला गेला नाही. बँकेने दाखवलेली थकीत कर्जे आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेली, यांत तफावत आहे काय? मालकांचे भांडवल किती जाड आहे? वाढ स्वतःच्या धंद्यातून आली की दुसरी बँक गिळून? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला : कारखाना तीन महिने बंद राहिला आणि त्याच काळात हा शेअर निम्म्यावर आला, तर घर चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर बँक कितीही मोठी असो, तो शेअर त्या घरासाठी नाही.

२६/
संकटकाळासाठीचा पैसा मोठ्या बँकेत ठेव म्हणून ठेवावा. कायदा, विमा आणि राज्यसंस्था तिथे ठेवीदाराच्या पाठीशी उभी आहे. शेअर घ्यायचा तो बुडाला तरी चालेल अशा पैशाने, बँकेचा ताळेबंद वाचून, आणि मालक म्हणून पहिला तोटा आपल्याच माथी येणार हे कबूल करून. बँक ऑफ बॉम्बे, ग्लोबल ट्रस्ट, येस, लक्ष्मी विलास : या चारही ठिकाणी भागधारकांना सांगण्यात आले होते की संस्था मोठी आहे, प्रतिष्ठित आहे, वाढते आहे. ते सांगणे खोटे नव्हते. त्याचा भागधारकाच्या सुरक्षिततेशी काही संबंध नव्हता, इतकेच.